घरच्या बिअरसाठी वजनकाटा निवडताना आणि कॅलिब्रेट करताना

वीस लिटर बिअरच्या एका घाण्याला सुमारे पाच किलो माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) लागतो, हॉप्स (कडवटपणासाठी घालायची फुले) वीस ते पन्नास ग्रॅम लागतात आणि पाणी सुधारण्यासाठी घालायचे जिप्सम जेमतेम चार ग्रॅम असते. हे सारे एकाच काट्यावर तोलण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. माल्टसाठी दहा किलो क्षमतेचा, एका ग्रॅमच्या टप्प्याने मोजणारा काटा पुरतो. दहा किलो अशासाठी की बादलीचेही वजन त्यातच धरावे लागते. हॉप्स आणि जिप्समसारख्या क्षारांसाठी मात्र 0.01 ग्रॅम दाखवणारा, दोनशे किंवा पाचशे ग्रॅम क्षमतेचा छोटा काटा वेगळा घ्यावा. वीस लिटरला चार ग्रॅम जिप्समने सल्फेट दर लिटरला सुमारे 112 मिलिग्रॅमने वाढते, म्हणजे एका ग्रॅमची चूक 28 मिलिग्रॅमची होते, आणि ती चवीत उतरते. माल्टमध्ये तेवढाच एक ग्रॅम इकडेतिकडे झाला, तर कोणाला पत्ताही लागणार नाही.

काटा घेताना दशांशस्थळांवर भाळू नये, कारण पडद्यावर दोन दशांश दिसतात म्हणून ते खरेच असतात असे नाही. कॅलिब्रेशनची, म्हणजे माहीत असलेले वजन ठेवून काट्याचा आकडा त्याच्याशी जुळवून घेण्याची, सोय आहे का, हे आधी पाहावे.

कॅलिब्रेशनसाठी एम1 वर्गाचे (हा वजनांच्या अचूकतेचा एक दर्जा) प्रमाणित वजन घ्यावे; या वर्गातील 100 ग्रॅमच्या वजनाला केवळ 5 मिलिग्रॅम कमी-जास्त असण्याची सूट असते. काटा सपाट, घट्ट ओट्यावर ठेवून, पंखा बंद करून पंधरा मिनिटे चालू ठेवावा. आधी वजन ठेवून जो आकडा येईल तो लिहून ठेवावा, म्हणजे काटा किती ढळला होता ते कळते. मग पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कॅलिब्रेशन सुरू करून, काटा मागेल तेच वजन पाटाच्या मध्यभागी ठेवावे. शेवटी तेच वजन चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावे. आकडे जुळले नाहीत, तर त्या काट्यावर भांडे नेहमी मध्यभागीच ठेवावे लागेल.

मुंबईत कॅलिब्रेट केलेला काटा सामानातून लंडनला नेला, तर तिथे गुरुत्वाकर्षण किंचित जास्त असल्याने तो एक किलोला सुमारे अडीच ग्रॅम जादा दाखवतो. म्हणून कॅलिब्रेशन जिथे बिअर बनणार तिथेच करावे. मधल्या काळात पडताळणीसाठी ब्रिटनमधले दोन पेन्सचे स्वच्छ नाणे उपयोगी पडते. त्याचे ठरलेले वजन 7.12 ग्रॅम आहे. मात्र नाणी झिजतात, त्यामुळे त्यांच्यावर कॅलिब्रेशन करू नये.

छोट्या काट्याची एक खोड मला फार उशिरा कळली. चिमूट-चिमूट जिप्सम घालत राहिले, तरी आकडा शून्यावरच अडून राहतो, कारण शून्याजवळचा बारीक बदल म्हणजे आपलाच ढळ, असे समजून काटा तो पुसून टाकतो. यावर उपाय सोपा आहे: वाटी ठेवून शून्य केल्यावर तिच्या शेजारी ते दोन पेन्सचे नाणे ठेवावे आणि आकडा 7.12 वरून 11.12 होईपर्यंत जिप्सम घालावे.