ऑर्डर नेमकी कुठे अडते?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. प्रक्रिया सुधारायची तर सॉफ्टवेअर नंतर घ्या. आधी एका ऑर्डरच्या मागे स्वतः फिरा. मी फिरलो. कोटेशन, पीओ (ग्राहकाची खरेदी ऑर्डर), कच्चा माल, टर्निंग (लेथवरचं काम), तपासणी, डिस्पॅच: काम किती वेळ चाललं आणि माल नुसता किती पडून राहिला, हे वहीत वेगवेगळं लिहिलं. टर्निंगला ४ तास, पण पहिला पीस बरोबर आहे या सहीसाठी २ दिवस! सही फक्त माझी, आणि मी बाहेरगावी. मग पहिला पीस त्यानेच तपासावा म्हणून ऑपरेटरलाच गेज (माप तपासायचं साधन) आणि मापांच्या मर्यादांचा तक्ता दिला.

ऑर्डरच्या या वाटेची आकृतीही काढा. त्यासाठी बीपीएमएनची (कामाचे टप्पे दाखवायच्या प्रमाण पद्धतीची) चिन्हं वापरा: वर्तुळात सुरुवात-शेवट, गोलसर कोपऱ्यांच्या चौकोनात काम, शंकरपाळ्यात निर्णय. काढताना कामगारांना शेजारी बसवाच, मालाची खरी वाट त्यांना ठाऊक असते. एका वेळी एकच बदल करा, महिन्याने पुन्हा मोजा.