हॅमॉकमध्ये थंडी खालून येते: हिवाळी मुक्कामाला जाण्याआधी या चुका टाळा

इंदूरजवळच्या चोरलच्या सागाच्या रानात, डिसेंबरात, हॅमॉकमधली, म्हणजे दोन झाडांना बांधायच्या झोळीतली, माझी पहिली रात्र. अंगावर नवीकोरी स्लीपिंग बॅग, डोक्यावर माकडटोपी, पायात दोन-दोन मोजे. तरी पहाटे तीनला पाठ अशी गारठली की ओल्या फरशीवर निजल्यासारखं वाटलं. उरलेली रात्र गाडीत बसून काढली.

घरी आल्यावर काकू हसली. म्हणाली, "अरे, बाळाला झोळीत घालताना आधी दुपटं खाली अंथरतात, ते काय नुसतं ओलं होतं म्हणून?"

चूक तीच होती. ऊब कापसात किंवा फायबरमध्ये नसते, त्यात अडकून राहिलेल्या हवेत असते. झोळीत तुमच्या वजनाने बॅगची खालची बाजू चेपते आणि ती हवा निघून जाते. शिवाय खालून वारा मोकळा फिरतो. म्हणून दुसरी, आणखी जाड बॅग घ्यायला धावू नका. बजेट तोकडं असेल तर पहिला पैसा पाठीखाली घाला.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ट्रेकवाले पाठपिशवीला बाहेरून बांधतात ती फोमची चटई. पाणी न शोषणारी हवी, बसायच्या गादीतला स्पंज नको. तिच्या दोन खोडी आहेत. एक, ती रात्रभर सरकते. हॅमॉक दुहेरी कापडाचा असेल तर दोन थरांच्या मध्ये घाला, नसेल तर बॅगच्या आत सारा. दुसरी, रुंदी 50-60 सेंमीच असते आणि झोळीचं कापड खांद्यांना दोन्ही बाजूंनी लपेटतं, त्यामुळे खांदे उघडे पडून गारठतात. जुन्या चटईचा तुकडा कापून खांद्यांखाली आडवा टाका. दिसायला गबाळं, पण काम चोख.

याहून चांगलं हवं असेल तर अंडरक्विल्ट, म्हणजे झोळीच्या बाहेरून, खाली टांगायची रजई. ती चेपत नाही हाच तिचा फायदा. तयार महाग पडते. मी घरातल्या जुन्या पॉलिएस्टर रजईच्या दोन्ही टोकांना शिंप्याकडून नेफा शिवून घेतला आणि त्यात इलॅस्टिकची दोरी ओवली. कापसाची रजई मात्र घरीच ठेवा. ती जड असते, दव पिते आणि रानात वाळत नाही.

अंडरक्विल्ट असूनही पाठ गार पडते? बहुतेक ती सैल लोंबते आहे. झोळीत पडा आणि सोबत्याला झोळी व रजई यांच्यामध्ये हात घालायला सांगा. हात पोकळीत फिरला तर दोरी आवळा, रजई ताणून चपटी झाली असेल तर ढिली करा.

लेबलवरचा आकडा

बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात. विकणारा दाखवतो सगळ्यात खालचं, 'एक्स्ट्रीम'. ते जीव कसाबसा तगण्याचं, झोपेचं नव्हे. 'कम्फर्ट' बघा. इंदूरला जानेवारीत पारा 10 अंशांच्या आसपास उतरतो, थंडीची लाट आली की 5-6 पर्यंतही. त्यामुळे कम्फर्ट 5 अंश किंवा त्याखालचं असलेलं बरं. आणि हो, हे आकडे चटईवर निजवलेल्या पुतळ्यावर मोजतात. झोळीत खाली काहीच नसेल तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

झोळी ताणून बांधणं

बाक पडू नये म्हणून नवखे लोक झोळी तबल्यासारखी ताणतात. झोळी झाडाला बांधायचा पट्टा आडव्या रेषेशी साधारण 30 अंशांचा कोन करून खाली उतरला पाहिजे. त्या कोनात 70 किलोच्या माणसामुळे प्रत्येक पट्ट्यावर सुमारे 70 किलोचाच ताण येतो. कोन 10 अंशांवर आणलात की तोच ताण 200 किलोपर्यंत जातो. ताणलेल्या झोळीत खांदे आवळले जातात आणि तिरकं झोपता येत नाही. सैल झोळीत तिरके पडलात की पाठ जवळजवळ सपाट होते. नायलॉनची दोरी नको: ती रात्रीतून ताणते आणि झाडाची साल कापते. रुंद, सपाट पट्टा घ्या.

जागेचंही भान हवं. शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्यातल्या गार, सुखद रात्रीचं, कौतुक गच्चीवरून ठीक, पण निरभ्र रात्री गार हवा उतरून ओढ्याकाठच्या खोलगटात साचते. पाण्यापासून थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला, हिरवं जाडजूड झाड पाहून बांधा. वन खात्याला विचारल्याशिवाय रानात मुक्काम करू नका, या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. वर ताडपत्री घाला, नाहीतर दवाने बॅग भिजते. पण चारी बाजू बंद करू नका आणि तोंड बॅगेत खुपसून झोपू नका. श्वासाची वाफ आतच जिरते आणि पहाटे बॅग दमट लागते.

मध्यरात्री जाग आलीच तर कुडकुडत पडून राहू नका. उठून लघवीला जाऊन या, गूळ-शेंगदाणे खा, मोजे कोरडे घाला. झाकण घट्ट लावलेली गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवा. पाठच गार असेल तर अंगावरचं जॅकेट काढून कमरेखाली अंथरा.