कूलर लावूनही चिकचिक होतेय? आधी हवेतला दमटपणा बघा

मी मूळची नागपूरची, लग्नानंतर डोंबिवलीला आले तेव्हा माहेरचा कूलर टेम्पोत घालून आणला होता. पहिल्याच रात्री चादर ओलसर, गादी चिकट, आणि आठवडाभरात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी.

कारण साधं आहे. नागपुरात मे मध्ये 44-45 डिग्री असलं तरी हवा कोरडी ठणठणीत, कूलरच्या ताट्यांमधलं पाणी भराभर उडतं आणि खोली 10-15 डिग्रीने उतरते. इकडे मुंबई-ठाण्यात 33 डिग्रीला आर्द्रता 70 टक्के, म्हणजे पाणी उडायला जागाच नाही, जेमतेम 3-4 डिग्री फरक पडतो आणि सगळी वाफ खोलीत कोंडते. त्यामुळे कोकणपट्टीत कूलर घेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता टक्क्यांत दाखवणारं मीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. आकडा 40 ते 60 मध्ये असला की बरं वाटतं, सतत 70 च्या वर राहिला तर भिंतीला आणि कपड्यांना बुरशी धरणारच.

एसी असेल तर 18 वर लावायची गरज नाही, 25-26 वर ड्राय मोड लावा आणि वर पंखा एक-दोन वर ठेवा. हवा कोरडी झाली की 26 ला पण छान झोप लागते, खरंच करून बघा. एसीचा फॅन स्पीड कमी ठेवला की हवा त्याच्या आतल्या थंड कॉइलवर जास्त वेळ राहते आणि पाणी जास्त निघतं, ड्रेन पाईपखाली बादली ठेवली की दिसतंच किती भरते ते. आणि लहान खोलीला उगाच दोन टनाचा एसी घेऊ नका, तो खोली पटकन गार करून बंद पडतो, दमटपणा तसाच राहतो.

घरात पाणी कुठून येतं तेही बघा. पावसाळ्यात आपण सगळेच बेडरूममध्ये दोरी बांधून कपडे वाळवतो, मशीनमधून पिळून निघालेल्या एका खेपेत पण दीड-दोन लिटर पाणी असतं, ते सगळं त्याच हवेत जातं जिथे आपण झोपतो. एकाच खोलीत वाळत घाला, दार लावून, पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवून. अंघोळीनंतर आणि भात-डाळ शिजताना एक्झॉस्ट हवाच.

विदर्भात, मराठवाड्यात असाल तर कूलर बिनधास्त वापरा, फक्त समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा नाहीतर ओली हवा आतच फिरते. मृग लागला, पाऊस सुरू झाला की पंप बंद, नुसता पंखा. आई अजून दरवर्षी तेव्हाच ताट्या काढून उन्हात वाळवते आणि टाकी कोरडी पुसून ठेवते, डासही होत नाहीत.