टेस्टला ५६० आले, पण खरे किती धरायचे?

लातूरला नीटच्या क्लासमधी रिझल्टची शीट बघायचं काम करतोय, नवीन कोणी या कामाला लागलं की आधी हेच सांगतो, ७२० पैकी जे मार्क पडले ती लेकराची खरी तयारी नाही, त्यात त्या दिवसाचं नशीबपण मिसळलेलं असतं. साधं बघा, २० प्रश्नांना नुसते तुक्के मारले, बरोबरला ४ आणि चुकलं की वजा १, तर सरासरी ५ मार्क मिळतात, पण एखाद्याला २० मिळून जातात अन् एखाद्याचे १० जातात.

पहिल्या वर्षी आम्ही एकाच टेस्टवर बॅच पाडल्या. औसा तालुक्यातल्या एका पोरीला ५६० होते, ती वरच्या बॅचला गेली, पुढच्या टेस्टला ५२० आले आणि तिला सगळ्यांसमोर बोलणी बसली. वडील आले, दारातच उभे राहिले, "सर, लेकरू रातभर वाचायलंय, मग मार्क काऊन घसरायलेत?" मला उत्तर देता आलं नाही, ते अजून टोचतं.

रात्री शीट उघडली तर वरचे बहुतेक खाली सरकलेले, तळातले वर आलेले. गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला १८८६ मधी आईबाप आणि मुलांच्या उंचीत हेच दिसलं होतं.

मग हिशोब शिकलो. सम आणि विषम नंबरच्या प्रश्नांचे मार्क वेगळे काढले, कोरिलेशन, म्हणजे दोन्ही मार्क एकमेकांशी किती जुळतात ते, ०.७२ आलं. हे अर्ध्या पेपरचं झालं, पूर्ण पेपरसाठी त्याची दुप्पट १ अधिक ०.७२ म्हणजे १.७२ नं भागायची, ०.८४, ही रिलायबिलिटी, म्हणजे मार्कांवर किती भरवसा ठेवायचा ते. सगळ्यांची सरासरी ४००, एसडी, म्हणजे मार्क सरासरीभोवती किती पसरलेत ते, १००. पोरगी सरासरीच्या १६० वर होती, त्याच्या ०.८४ पट म्हणजे १३४, म्हणून अंदाज ५३४ चा, ५६० चा नाही. हे केली नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाचं सूत्र. आणि १०० ला १ वजा ०.८४ म्हणजे ०.१६ च्या वर्गमुळानं गुणलं की ४०, एवढी मापातली चूक एका टेस्टला धरायचीच. म्हणजे ५२० आले तर पोरगी घसरली असं म्हणायला काही आधारच नव्हता.

चार टेस्टची सरासरी घेतली की ही चूक ४० ची २० होते, आता बॅच तशाच पाडतो.

एक मात्र जपा, सरासरी सगळ्यांची मिळून एकच घ्या. खेड्यातल्या पोरांची वेगळी धरली आणि ती कमी निघाली तर तेवढेच मार्क असून त्यांचा अंदाज खाली येतो, सूत्रात बसत असलं तरी बॅच पाडताना मी ते कधीच करू देत नाही.