वाकडं पाऊल: प्लास्टर सुटलं की खरं काम सुरू

माझ्या लेकीची दोन्ही पावलं जन्मतः आत वळलेली. चोळून सरळ होतील या आशेवर मी तीन आठवडे घालवले. तुम्ही घालवू नका. हाडांचे डॉक्टर पहिल्या काही आठवड्यांतच गाठा.

उपचार पॉन्सेटी पद्धतीचे. डॉ. इग्नासिओ पॉन्सेटींनी ते अमेरिकेत आयोवा विद्यापीठात बसवले. दर आठवड्याला पाऊल हातानं थोडं वळवायचं आणि बोटांपासून मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात ठेवून, प्लास्टर घालायचं. साधारण पाच-सहा प्लास्टरं लागतात. मग बहुतेक मुलांची टाचेमागची शीर छोट्या छेदानं मोकळी करतात (डॉक्टर तिला टेंडन म्हणतात) आणि शेवटचं प्लास्टर ३ आठवडे राहतं.

प्लास्टर घातलं की बोटांच्या टोकाशी पेनानं रेघ मारा. बोटं रेघेच्या आत गेली म्हणजे प्लास्टर घसरलंय, लगेच फोन करा. बोट दाबून सोडलं की पांढरं होऊन पटकन गुलाबी व्हायला हवं. निळं किंवा गार लागलं तर सकाळची वाट बघू नका. आणि पुढच्या भेटीच्या आदल्या रात्री प्लास्टर काढून ठेवू नका, पाऊल तेवढ्यातही मागे वळतं.

यापुढे ब्रेस, म्हणजे दांडीला जोडलेले दोन बूट. पहिले तीन महिने रोज २३ तास, नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार-पाच वर्षांची होईपर्यंत. पावलं परत वळतात ती बहुतेक इथल्या ढिलाईनं. बूट घालताना गुडघा वाकवा, टाच खाली बसवा, मग आधी मधला पट्टा आवळा. टाचेजवळच्या भोकातून टाच दिसते का बघा. टाच उचललेली राहिली तर फोड येतात, आणि आपण दोष बुटाला देतो. लाल जागी क्रीम लावू नका, त्वचा आणखी नरम पडते.

पहिल्या दोन रात्री ती रडली आणि मीही. तिसऱ्या दिवशी दांडी धरून तिचे दोन्ही पाय एकत्र वर-खाली हलवत बसले. एकेक पाय वेगळा झाडता येत नाही हे तिला उमगलं, तशी ती दोन्ही पाय मिळून दणादणा आपटायला लागली. दांडीला कापड गुंडाळून घ्या, नाहीतर तुमच्या नडग्यांची खैर नाही.