कोकणातल्या घरात कमी पैशात किचन करायचं असेल तर आधी हे बघा

आमचं घर गुहागरकडे, जुनं चिऱ्याचं, समुद्र चालत दहा मिनिटांवर. सात-आठ वर्षांपूर्वी हौसेने शहरातून मॉड्युलर किचन आणून बसवलं, दिसायला एकदम मस्त, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात सिंकखालच्या कपाटाचा तळ असा फुगला की दार लागेना, बोट लावलं की भुसा हातात यायचा, बिजागऱ्या गंजून लाल. ते सगळं काढून मागच्या वर्षी परत नव्याने केलं, निम्म्याहून कमी खर्चात. त्यातून एकच गोष्ट पक्की कळली, आपल्याकडे पैसे पाण्याच्या जागेवर टाकायचे, दारांवर नाही. ड्रेनेज, ओटा, वायरिंग हे एकदाच होतं, दारं काय, पुढच्या वर्षी पण लावता येतात.

सगळ्यात आधी वेळ ठरवा. तुळशीचं लग्न झालं की काम सुरू करा आणि शिमग्याच्या आत संपवा. शिमग्याला गवंडी-मजूर सगळे पालखीला, नंतर आंब्याचा सीझन, मग मे महिन्यात चाकरमानी घरात, आणि जूननंतर तर प्लास्टर वाळतच नाही. गणपतीच्या आधी सुतार मखरात गुंतलेला असतो, त्याच्याकडून तेव्हा काम होईल अशी आशाच ठेवू नका.

ओट्याची उंची गवंड्यावर सोडू नका. तो सवयीने 33-34 इंच धरतो. आमची आई पाच फुटाची, तिला त्या उंचीवर भाकरी थापायला खांदे वर उचलावे लागायचे. आम्ही काय केलं, टेबलावर परात ठेवली, खाली एकेक लाकडी फळी सरकवत गेलो आणि तिला खरंच दोन-चार भाकऱ्या थापायला लावल्या, जिथे ती म्हणाली "हां आता बरं वाटतं" तिथे टेप लावली तर 31 इंच भरलं. साधारण कोपरापासून चार ते सहा इंच खाली हा अंदाज चालतो, पण जी व्यक्ती रोज तिथे उभी राहते तिलाच उभं करून मोजा. आणि खोबरं खवायला आई अजून विळीवर खालीच बसते, म्हणून खिडकीच्या उजेडात तेवढी जागा मोकळी सोडली, तिथे कपाट केलं नाही. घरातली अशी सवय आधी बघा मग नकाशा काढा.

ओट्याला ग्रॅनाइटच घ्या. कडाप्पा स्वस्त पडतो पण तो चुनखडीचा दगड आहे, आमसूल, लिंबू, आगळ असं आंबट काही सांडलं की पॉलिश जातं आणि डाग राहतो. कडाप्पा वापरा ओट्याखाली, उभ्या पाट्या आणि मधले कप्पे, त्याला वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही. त्यावर अॅल्युमिनियमच्या फ्रेमची दारं लावा, तीपण आत्ताच पाहिजेत असं नाही, पहिलं वर्षभर पडदे लावले तरी चालतं. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-तंतू दाबून केलेल्या फळ्या, घेऊच नका. लाकूड पाहिजेच असेल तर मरीन प्लाय, त्यावर आयएस 710 (मरीन प्लायचा मानक क्रमांक) छापलंय का बघून. बिजागऱ्या आणि स्क्रू 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे मागा. दुकानदार चुंबक चिकटत नाही असं लावून दाखवतो पण त्यावर जाऊ नका, 202 या हलक्या ग्रेडला पण चुंबक चिकटत नाही आणि खाऱ्या हवेत ते 304 पेक्षा लवकर गंजतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

मासे साफ करायची मोरी शक्यतो मागच्या पडवीत वेगळी ठेवा, जाळी लावून. खवले सिंकमध्ये गेले की पाइप तुंबतो. सिंकचा पाइप दोन इंची आणि नीट उतार देऊन टाकायला सांगा, जिथे वळण आहे तिथे उघडता येईल असं झाकण ठेवा.

भिंत चिऱ्याची असेल तर वरच्या कपाटांचा मोह आवरा. चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात ओल धरतो, ड्रिल केलं की भुगा होऊन भोक मोठं होतं आणि स्क्रू ढिला राहतो. वर साध्या उघड्या फळ्या पुरतात, आणि उघड्यावर बुरशीही कमी धरते.

वायरिंगमध्ये काटकसर अजिबात नको, हे हात जोडून सांगतो. इंडक्शन, ओव्हनसारख्या जड वस्तूला 16 अँपियरचा वेगळा पॉइंट, त्याला 4 स्क्वेअर एमएमची वायर, आणि मेन बोर्डात 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट आपोआप तोडणारा स्विच. ओल्या हाताने मिक्सर लावणारी आपलीच माणसं असतात. आपल्याकडे कातळ, त्यात अर्थिंग नीट बसत नाही, इलेक्ट्रिशियनकडून मोजूनच घ्या. लाइट जातेच, त्यामुळे फक्त चिमणीवर अवलंबून राहू नका, मोठी खिडकी ठेवा. सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या कप्प्याला तळाशी जाळी हवीच, गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खालीच साठतो.

टाइल्स दहा टक्के जास्त घ्या, नंतर तोच शेड मिळत नाही. जमिनीला मॅट फिनिश.

गवंड्याला काम अंगावर देणार असाल तर तोडफोड आणि राडारोडा उचलणं त्यात धरलंय का हे आधीच बोलून घ्या, आमचे तिथेच जास्तीचे पैसे गेले. शेवटचा हप्ता देण्याआधी सिंकला बूच लावून काठोकाठ भरा, बूच काढा आणि टॉर्च घेऊन खाली बसा, प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर पैसे थांबवा, जोड परत करून घ्या.