लाडू वळायच्या आधी वजनकाटा घ्या

पहिल्या रविवारी सोलापुरात सिद्धेश्वर तलावाजवळ आम्ही तिघींनी टेबल मांडलं. ज्वारीच्या पिठाचे ५३ लाडू, १० रुपयांना एक. सकाळी फिरायला येणाऱ्यांनी नऊच्या आत सगळे संपवले. ५३० रुपये हातात! त्याच खुशीत डोसा खाल्ला आणि घरी आलो. आईने एवढंच विचारलं, "तुपाचे किती गेले गं?"

वही काढली. एक किलो शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, दळणासकट ६० रुपये, अर्धा किलो तूप ३२५, पाऊण किलोहून थोडा जास्त गूळ ५०, शेंगदाणे ३०, तीळ-वेलची २५. एकूण ४९०. म्हणजे हाती राहिले ४० रुपये, त्यातही गॅस, रिक्षा आणि कागदी पिशव्या धरलेल्याच नाहीत. डोसे तर विचारूच नका.

आम्ही तिघी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. परिव्ययाची, म्हणजे कॉस्टिंगची, गणितं पेपरात सोडवलेली, पण स्वतःच्या कढईला ती लावायची असतात हे कुणालाच सुचलं नव्हतं. चूक कुठे झाली ते दुसऱ्या दिवशी कळलं. मिश्रण साधारण २,४०० ग्रॅम होतं. लाडू ३० ग्रॅमचा धरला तर ८० व्हायला हवेत. आम्ही अंदाजाने वळले, ते ४५ ग्रॅमचे भरले. घरच्या लाडवाची सवय हाताला असते, आणि घरचा लाडू मोठाच असतो. म्हणून नव्याने सुरू करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे की पोस्टर, लोगो, इन्स्टाग्रामचं पान हे सगळं मागून होईल. आधी ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या आणि पहिले दहा लाडू एकेक करून तोला. मग हात आपोआप बसतो.

दुसरा धडा एका आजोबांनी दिला. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष, जिकडेतिकडे ज्वारी-बाजरीचं कौतुक चाललेलं. आम्हीही फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: 'शुगर फ्री पौष्टिक लाडू'. आजोबांनी लाडू उचलला, वास घेतला आणि विचारलं, "गोड कशानं केलाय?"

"गुळानं, आजोबा."

"आणि गूळ कशाचा होतो? उसाचाच ना? मला शुगर आहे पोरी, मी हा खाऊन घरी गेलो असतो."

सोलापूर जिल्ह्यात राहून ऊस माहीत नाही असं म्हणायची सोय नव्हती. फळा तिथेच पुसला. आता 'ज्वारी, गूळ, तूप, शेंगदाणे, तीळ, वेलची' एवढंच लिहितो. घटक सरळ लिहिले की गिऱ्हाईक आपलं आपण ठरवतं. 'पौष्टिक' हा शब्द जपून वापरा. अर्धा किलो तूप घातलेला लाडू शेवटी लाडूच असतो, फक्त मैद्या-डालड्याच्या बिस्किटापेक्षा बरा.

त्या आजोबांसाठीच खरं तर ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा सुरू केला. नागपंचमीला आमच्याकडे लाह्या होतातच, त्यामुळे गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागत नाही. पण श्रावणातली हवा! सकाळी कुरकुरीत भरलेली पाकिटं तिसऱ्या दिवशी सादळली. पाकीट मेणबत्तीवर चिकटवलं होतं, कडेला बारीक फट राहिली होती. हाताने दाबायचं सीलिंग मशीन घेतलं, जाड पाऊच आणले, आणि लाह्या भाजून पूर्ण गार झाल्याशिवाय भरायच्या नाहीत असा नियम केला. कोमट लाह्यांची वाफ आतच अडकते.

माल किती दिवस टिकतो हे दुसऱ्याचं लेबल बघून लिहू नका. आम्ही लाडवांचे सहा डबे बाजूला ठेवले आणि दर तीन दिवसांनी एक उघडला. अठराव्या दिवशीच्या डब्यात शेंगदाण्याच्या कुटाला खवट वास आला. म्हणून लेबलवर १२ दिवस लिहितो.

घरून विकायचं असलं तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. आम्ही केली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी वर्षाची फी १०० रुपये होती. फॉसकॉस या पोर्टलवर फोटो आणि ओळखपत्र टाकून अर्ज होतो, एजंट लागत नाही. १४ आकडी नंबर मिळतो, तो लेबलवर घालायचा. सोबत घटक, निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, आपला पत्ता आणि शाकाहारी पदार्थाचं हिरवं चिन्ह.

उधारीबद्दल थोडक्यात. एका दुकानदाराने वीस पाकिटं ठेवून घेतली, "विकली की पैसे देतो" म्हणाला. विकली गेली, पैशांसाठी मात्र सात हेलपाटे. आता दुकानात पाचच पाकिटं देतो, आधीचे पैसे मिळाल्यावर पुढची पाच.

सगळ्यात अवघड हिशोब आमच्या वेळेचा निघाला. ३० ग्रॅमचे लाडू, सहाचा डबा ८० रुपयांना, असं ठरवल्यावर एका घाण्यातून १२ डबे निघाले. उरलेले आठ लाडू चवीला वाटण्यात आणि फुटण्यात गेले. ९६० रुपये आले. माल ४९०, डबे-लेबलं ७२, गॅस-रिक्षा ७० वजा जाऊन राहिले ३२८. तिघींचे चार-चार तास, म्हणजे तासाला २७ रुपये. हा आकडा पाहून एक मैत्रीण दोन दिवस बोललीच नाही. मग दोन घाणे एकाच दिवशी काढले. पीठ भाजायला वेळ लागतोच, पण मांडामांड, पाक आणि भांडी घासणं एकदाच होतं. चारऐवजी साडेपाच तासांत २४ डबे झाले, आणि रिक्षा एकदाच लागली. आकडा तासाला ४२ वर आला.

आईच्या ओट्याचं भाडं यात अजून धरलेलं नाही. वहीत त्याची एक ओळ मात्र आखून ठेवली आहे.